दाखवायचा मेंढा

मित्रांनो, मी एक म्हातारा मेंढा आहे आणि मला माणसं आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी माझ्या लोकरीवरून हात फिरवायला येणार नाही.

हिंगोलीकडच्या गोरेगावात, दगडोबांच्या वाडग्यात, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जागेत, मी जन्मलो. जन्मतानाच मला शिंगं होती आणि ती एवढी वळलेली, की एकात चिमणीनं घरटं केलं आणि दुसऱ्यात तिच्या सासूनं. खोटं वाटत असेल तर चिमणीला विचारा. असा रुबाब म्हटल्यावर मला काम मिळालं ते दिसण्याचं. कोणाच्या घरी सोयरिकीचे पाहुणे आले, की शेजाऱ्यापाजाऱ्यांची मेंढरं त्या घरच्या वाडग्यात आणून उभी करत. पाहुण्यांना वाटावं, घर भरलेलं आहे. मी सगळ्यांत पुढे. अशी निम्म्या गावाची श्रीमंती मी होऊन आलो. बदल्यात मूठभर सरकी आणि वर "सर तिकडं".

माझी एकच खोड. दिवस कलला की मी घरी जायचो. दोर, फाटक, कुत्रं, काही मानायचो नाही. दगडोबांचा चुलतभाऊ प्रभू. त्याच्या पोराला बघायला पाहुणे आले, तेव्हा चहाला उशीर झाला आणि दिवस कलला. मी निघालो. माझ्यामागे प्रभूची सगळी श्रीमंती पाहुण्यांच्या देखत रांगेनं निघून गेली. सोयरीक मोडली. तेव्हापासून प्रभू मला बघितलं की दात खायचा आणि मी त्याला बघितलं की शिंगं घासायचो.

पुढे एका उन्हाळ्यात जनावरांचा विमा काढणारे आले आणि माझ्या कानात पिवळा बिल्ला ठोकून गेले. मी मेलो तर बिल्ल्याचा कान दाखवून मालकाला पैसे मिळायचे. कान ठणकत राहिला आणि पुढे चिघळला. कोणी विचारलं नाही.

दगडोबांची नात मोहिनी हिंगोलीच्या कॉलेजात शिकायची. जर्मनीतल्या एका विद्यापीठात सहा महिन्यांची पाहुणी विद्यार्थिनी म्हणून तिची निवड झाली. फी माफ. पण तिकडून दोन अटी आल्या. राहण्याखाण्यापुरते पैसे खात्यात आहेत याचा पुरावा द्या, आणि तिथल्या मुक्कामापुरता आरोग्य विमा काढा. हे जमलं नाही तर निवड रद्द.

"पैशे दाखवायचेच ना?" दगडोबा म्हणाले. "मग काहून रडून राहिली, बाई? दाखवण्यात आपला हात कोण धरंल?"

त्यांनी मेंढरांसारखेच पैसे गोळा केले. भावकीतल्या प्रत्येकानं मोहिनीच्या खात्यात थोडे थोडे टाकले. प्रभूनंसुद्धा हसत हसत टाकले. मला तेव्हाच वास आला होता.

कॉलेजातल्या मॅडमनी खात्याचा उतारा बघितला आणि फोन केला. "आजोबा, हे सगळे पैसे एकाच दिवशी आलेत. असं चालत नाही. तीन महिने खात्यात थांबलेले दिसले पाहिजेत. आता पुढच्या सत्राला जाता येईल, पण त्याच्यापुढे जागा राखणार नाहीत."

फोन बंद झाला तोवर प्रभू दारात हजर.

"दादा, माझे पैशे काढून द्या."

"आजच?"

"व्हय. दिवस कललाय. त्यांची घरी जायची येळ झाली."

एकाचे गेले तसे सगळ्यांचे गेले. जाता जाता प्रभू माझा बिल्ला बोटानं हलवून म्हणाला, "मेंढ्याचा विमा हाय, पोरीचा न्हाई. याला दोराचा फास बसला म्हून सांगा, कान दाखवा अन् पैशे घ्या."

दगडोबांची बायको सत्यभामाबाई माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. ती नजर मी विसरलेलो नाही.

"न्हाई, आजी," मोहिनी म्हणाली. "मेंढरं दाखवून झाली, पैशे दाखवून झाले, आता कान बी दाखवता का? इकायचं ते बराबर बाजारात नेऊन इका."

मग कळप विकायला काढला. मला वसमतच्या मोहनसिंग व्यापाऱ्यानं मागितलं. सौदा ठरत आला तसा प्रभू तिथंही टपकला. "हा सांजला घरी जातो. गावाला इचारा."

मोहनसिंगनं हात मागे घेतला. "तीन महिने टिका तो सौदा पक्का. भाग गया तो पैसा वापस."

दगडोबांनी मान डोलावली आणि पैसे मोहिनीच्या खात्यात गेले. माझ्या किमतीशिवाय खात्यातली रक्कम पुरी होत नव्हती. म्हणजे पोरीचं जाणं माझ्या पायांवर आलं, आणि माझ्या पायांचा भरवसा कोणालाच नव्हता. मोहिनी टेम्पोजवळ आली. "लय खोड हाय तुला," म्हणाली. "एवढ्या बारीला थांब." गोंजारलं वगैरे नाही.

वसमतला पहिल्याच सांजेला पाय आपोआप उठले. तिथला दोर म्हणजे माझ्यापुढे सुतळी. गोरेगाव चार उड्यांवर, आणि मधली नदी मी पिऊन टाकली असती. पण मी भिंतीला शिंगं टेकवली आणि अंधार पडेपर्यंत रेटत राहिलो. रोज तेच. भिंत हातभर मागे सरकली. मोहनसिंग शिव्या घालायचा, मीही मनातून घालायचो.

तीन महिने भरायला थोडेच दिवस उरले तेव्हा प्रभू आला. मोहनसिंगचा हळदीचाही धंदा होता आणि प्रभूला त्याच्याकडे आपली हळद विकायची होती. मोहनसिंग पोती मोजायला आत गेला, तसा प्रभूनं फाटक उघडलं आणि माझा दोर सोडला.

"जा लेका. दिवस कललाय. माझ्या दारातून तर लय झोकात गेलता."

समोर मोकळी वाट होती. वाऱ्याला घरचा वास होता.

मी चार पावलं मागे सरलो. प्रभूला वाटलं, पळायला वेग घेतोय. वेग घेतच होतो. प्रभू असा उडाला, की वरून त्याला हिंगोली दिसली म्हणतात, आणि उतरला तो हळदीच्या भुकटीच्या ढिगात. पोराच्या अंगाला लागायची ती बापाच्या अंगाला लागली.

मोहनसिंग धावत आला. उघडं फाटक बघितलं, सुटलेला दोर बघितला, आणि आत उभ्या असलेल्या मला बघितलं. "पक्का," म्हणाला.

मोहिनीचा पुरावा मान्य झाला. त्याच पैशांतून विमा निघाला. निघण्याआधी ती वसमतला आली, माझा चिघळलेला कान धरला आणि त्यावर हळद दाबली. "आता माझा बी विमा हाय," म्हणाली. मी शिंग उगारलं नाही. गुडघे दुखत होते, दुसरं काही कारण नव्हतं.

मित्रांनो, जनावराच्या कानात बिल्ला ठोकायचाच असेल तर खुशाल ठोका, पण दुसऱ्या दिवशी परत येऊन तो कान बघा. घरातल्या माणसांचंही तसंच करा. मोहिनी सहा महिने राहून सुखरूप परत आली. तिकडे साधं पडसंसुद्धा झालं नाही म्हणे. सगळा विमा फुकट गेला, आणि माझी किंमत वसूल झाली.