वॉचमनची वही

पहिला मजला, दोघं साडेनऊला जातात. दुसऱ्यावर आजी एकटी, कमी ऐकू येतं. कुत्रा भुंकतो, चावत नाही. गच्चीची चावी मीटरच्या पेटीमागे.

हे वॉचमन लोकेंद्रच्या वहीत सापडलं. लिपी आपलीच, पण भाषा नेपाळी. देवळाली कॅम्पातल्या ओळखीच्या गोरखा हवालदाराने एका पानाचा अर्थ लावून दिला. २००४ साल होतं आणि नाशिक रोडला नुकत्याच दोन घरफोड्या झाल्या होत्या.

"कोणासाठी लिहिलंस रे, बहादूर?" सोसायटीचे सेक्रेटरी धामणे यांनी विचारलं.

"साल्यासाठी, साब. मी गावाला जातो, तो माझ्या जागी येतो. काम घरातच राहील."

"घरात? इमारत काय तुझं वतन आहे?"

"आपली कुंडलीच मांडलीय याने," पहिल्या मजल्यावरच्या शुभांगीताई म्हणाल्या.

"आजीला ऐकू नाही येत, म्हणून औषधवाला आला की वर जाऊन जोरात दार वाजवायचं. ते पुढच्या पानावर आहे, साब."

पुढचं पान हवालदाराला कोणी दाखवलंच नव्हतं. लोकेंद्रला त्याच दुपारी काढलं. मेव्हणा तेव्हा सीमा ओलांडून गाडीत बसला होता.

दसऱ्याच्या मीटिंगमध्ये लोकेंद्रने बदली म्हणून मेव्हण्याचं नाव सांगितलं होतं आणि धामण्यांनी त्याला होकार दिला होता.