उंबऱ्यातले खिळे

चांगुणाबाईंचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. भुताची ती जुनी गाजलेली कादंबरी, तिच्यावर टीव्हीचा एक चित्रपट पूर्वीच येऊन गेलेला, आता म्हणे तोच पुन्हा नव्याने काढायचा; आणि त्यासाठी अख्ख्या कळवण तालुक्यात या लोकांना घर सापडलं ते मल्हारीचंच!

मल्हारी म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा, बायडाचा नवरा. बायडा बाळंतपणात गेली. तिची स्नेहल चांगुणाबाईंनी शहरात, इंदिरानगरला नेऊन वाढवली, शिकवून नर्स केली. आज तीच सुट्टी काढून वडिलांच्या घरी शूटिंग बघायला हौसेने आलेली. नको म्हटलं तर ऐकते कुठे! म्हणून मागोमाग याही आल्या, कारण कादंबरीतली हडळही बाळंतपणातच मेलेली होती आणि मल्हारीच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

सासूचं काम करणारी नटी हडळ आत येऊ नये म्हणून उंबऱ्यात खिळा ठोकायला बसली, तसा मल्हारी उठलाच. चारचौघांत शहाणपण मिरवायची त्याला भारी खाज.

"ओ सायेब, आसं नसतं. एका खिळ्यानं काय व्हतंय? दोन्ही अंगाला लागत्यात."

"मल्हारराव, गप बसा," चांगुणाबाई दात खाऊन म्हणाल्या.

"अहो आक्का, लोकांला चुकीचं दिसंल ना!"

दिग्दर्शकाचे डोळे चमकले. "बोला काका. जुन्या चित्रपटात सगळं खोटं होतं, आम्हाला खरं दाखवायचंय. तुम्ही पाहिलंय कधी?"

"पाहिलंय? आमच्या बायडाच्या येळंला मसणातून आल्याबरोबर म्या सोता ठोकले! वर वेशीपर्यंत राळे टाकले. ती माघारी यायला लागली की एकेक दाणा वेचत बसती, तवर उजाडतं."

मूर्ख माणूस! सत्तावीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्याने एका दमात ओकून टाकली.

"म्हणजे माझी आई घरी येऊ नये म्हणून?" स्नेहल पुढे आली. "मी तेव्हा आत रडत असेन ना, तात्या?"

मल्हारी दिग्दर्शकाच्या मागे सरकला.

"तो काय बोलंल!" चांगुणाबाई कडाडल्या. रागाच्या भरात त्यांची शहरी भाषा कुठल्या कुठे गेली. "सकाळधरनं रक्त जात व्हतं तिचं. जीप बघायची सोडून ह्यो भगताच्या दारात बसला. अन् मेल्यावर तिलाच भूत ठरवलं! लाज नाय वाटत, वर कॅमेऱ्याफुडं सांगतो!"

स्नेहलने उंबऱ्याकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "खिळे तात्यांनी स्वतः मारले. राळे कोणी टाकले?"

मल्हारीने चांगुणाबाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मी," चांगुणाबाई म्हणाल्या. "मला भीती वाटली गं तिची."

स्नेहलने पर्स उचलली. त्या उठायला लागल्या तसा तिने हात आडवा केला.

"तू येऊ नकोस," म्हणाली, आणि एकटीच स्टँडकडे निघाली.