साध्या खाद्याची कोंबडी

गिरणारे गावाच्या रस्त्यावरची पोल्ट्री मनीषाच्या नवऱ्याने बांधली होती. तो गेल्यावर ती आणि धाकटा दीर धनराज मिळून ती चालवत होते. मिळून म्हणजे एका छपराखाली, एवढंच.

भांडण खाद्यावरून लागलं. पाखरं आजारी नसली तरी धनराज खाद्यात औषधाची पावडर मिसळायचा. वजन भराभर चढायचं. विक्रीच्या आठवडाभर आधी ती बंद करायची, असं पोत्यावर छापलेलंच होतं. धनराज माल न्यायची गाडी दारात येईपर्यंत घालायचा.

"लोकांच्या पोटात जातंय ते, भाऊजी," मनीषा म्हणाली.

"लोकं वजन बघून घेतात. तुम्हाला लय कळतंय तर तुमची पाखरं वेगळी करा."

तिने शेडच्या मधोमध जाळी मारली आणि आपल्या बाजूला साधं खाद्य सुरू केलं. तिची पाखरं हलकी राहिली. व्यापारी माल बघायला आला, तो तिच्या बाजूला थांबलासुद्धा नाही.

"वहिनींनी चिमण्या पाळल्यात," धनराज त्याला हसत म्हणाला. मनीषाने ऐकलं आणि गिळलं.

त्याच आठवड्यात धनराजची मुलगी दिशा पहिल्या बाळंतपणाला मनमाडहून माहेरी आली. संध्याकाळी धनराज मनीषाच्या दारात उभा राहिला.

"एक कोंबडी द्या. पोरीला सूप करायचंय."

"तुमच्याकडं ढिगानं हायेत की."

"तुमच्या बाजूची द्या."

"का?"

दिशा त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"सांगा ना बाबा. आपल्या कोंबडीत काय हाय?"

"काय नाय. तू घरात जा."

"मग तीच कापा."

धनराजने मान फिरवली. मनीषा शेडमध्ये गेली, एक कोंबडी धरून आणली आणि त्याने पुढे केलेला हात टाळून दिशाकडे दिली. दिशाने ती तिथेच खाली सोडली.

"तुमची गाडी मनमाडलाच जाती," ती बापाला म्हणाली. "तिथं मी काय खाते, कधी विचारलं?"

सकाळी गाडी भरली. धनराजने ती थांबवली नाही. दिशाने नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं आणि अवघडल्या अंगाने सासरी निघून गेली.

"माझी लेक तोडलीत तुम्ही," धनराज मनीषाला म्हणाला.

"गाडी कोणी भरली?"

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बारशाचं आमंत्रण आलं ते एकट्या मनीषाला.