डबल बेल

एक पाय पायडलवर आणि दुसरा जमिनीवर टेकवून तो थांबून राहिला. मागे बायको आपल्या सायकलशी उभी राहून स्वेटरची बटणं लावत होती. शेवटच्या बटणाशी ती रोज अडायची, आजही अडली. त्याने वळून पाहिलं नाही. पुढचं ड्रायव्हरचं, मागचं कंडक्टरचं, हा नियम दोघांनी कधी मोडला नव्हता. मग टिंग टिंग अशी डबल बेल झाली आणि त्याची सायकल निघाली.

नोकरीच्या तीस वर्षांत डबल बेलशिवाय त्याने बस जागची हलवली नव्हती. डेपोत त्याला ‘काटा’ म्हणत, कारण त्याची बस थांब्यावर आली की लोक घड्याळं लावून घेत. ती त्याच बसवर कंडक्टर म्हणून आली आणि दोन वर्षांनी त्याच्या घरात. लग्नानंतर तिला बढती मिळेल आणि ती साहेब होईल, असं मित्र म्हणायचे. पण ती कंडक्टरच राहिली. घरात कोण आलं, कोण गेलं, कुणाचं काय विसरलं, सगळं तिच्या ध्यानात असायचं.

सायकलवरून बेल देणं मात्र नवीन होतं. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी, नदी वळते तिथे, तिने अचानक एक टिंग दिली. तो थांबला. मग दोनदा टिंग टिंग. तो निघाला आणि हसत सुटला.

“अगं, इथे कोण चढणार नि कोण उतरणार?”

“सवय हो. जित्याची खोड.”

तेव्हापासून तो खेळच झाला. वाकड्या झाडाचा थांबा, लाकडी पुलाचा थांबा, बाकाचा थांबा आणि शेवटी पाणथळीतल्या मचाणाचा. प्रत्येक ठिकाणी सिंगल बेल, मग डबल बेल. वाटेत भेटणारे लोक हसायचे. म्हातारपणी पोरखेळ सुचतात म्हणायचे. म्हणोत बापडे.

वाट होतीच तशी. गाव संपलं की दोन दगडी खांब लागायचे, त्यांच्यामधून फक्त सायकल जाईल एवढीच जागा. त्यापुढे मोटार नाही, हॉर्न नाही, चढ नाही की उतार नाही. डावीकडे नदी, उजवीकडे लव्हाळ्यांनी भरलेली पाणथळ आणि मधून तळहातासारखा सपाट, सिमेंटचा रस्ता. ज्या माणसाने जन्मभर दर दोन मिनिटांनी कुणाला तरी शिव्या घातल्या, त्याला इथे एकही शिवी आठवत नसे. चाकं नुसती कुजबुजत. आज धुकं होतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं, आणि मधेच एखादा बगळा कशावरही उभा न राहता उभा असल्यासारखा दिसायचा.

धुकं त्याला फार आवडू लागलं होतं. धुक्यात तो आणि इतर माणसं सारखीच.

गेले काही महिने समोरचं जग मधोमध पुसलं जात होतं. फळ्यावरच्या अक्षरांवरून कुणी ओला हात फिरवावा, तसं. कडेचं सगळं शाबूत होतं: डावीकडे नदीची चमक, उजवीकडे लव्हाळ्यांचे तुरे. त्या दोहोंच्या मधे एक मऊ, राखाडी पोकळी, आणि सायकल सारखी तिच्यातच शिरत असायची. बायकोच्या चेहऱ्याकडे थेट पाहिलं की चेहरा नाहीसा व्हायचा. म्हणून तो तिच्या कानाकडे बघून बोलायचा. “हल्ली लक्ष कुठे असतं तुमचं?” असं तिने एकदा विचारलं होतं. “रिटायर माणसाचं लक्ष रिटायर होतं,” असं म्हणून त्याने वेळ मारून नेली होती.

हिवाळ्याच्या सुरुवातीला तो एकटाच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आला. त्या स्पष्ट बोलल्या. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली राखता येईल. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, आणि उशीर केलात तर आहे तेही जाईल. शेवटी म्हणाल्या, “येताना घरचं माणूस घेऊन या.”

इंजेक्शनचं त्याला काही वाटलं नाही. घरच्या माणसाचं वाटलं. हिला कळलं की लेकीला कळणार, लेकीला कळलं की सायकलला कुलूप लागणार. मग तीस वर्षं माणसं वाहून नेणाऱ्याने खिडकीशी बसून बाहेर बघत राहायचं. आणि बघायचं तरी काय? त्याने दोन तारखा चुकवल्या. तिसरी, येत्या गुरुवारची, एका कार्डावर लिहिलेली होती, आणि ते कार्ड त्याने सीटखालच्या पान्यांच्या पिशवीत घडी करून ठेवलं होतं. पान्यांना बायको हात लावत नसे.

वाट तर त्याला पाठ होती. खांबांपासून वाकड्या झाडापर्यंत किती पायडलं, पूल आला की फळ्या कशा खडखडतात, पुलानंतर गार वारा कोणत्या गालाला लागतो, सगळं. शिवाय बेल होतीच. वळण आलं की नेमकी बेल वाजे, हा एक योगायोगच म्हणायचा. एका गोष्टीवरून मात्र तो कुरकुरायचा.

“सरळ मागे ये की. सारखी बाजूने काय चालवतेस? लेन पाळावी माणसाने.”

“मला तुमची पाठ बघत यायचा कंटाळा येतो.”

पूल गेला. बाकाचा थांबा झाला. आता मचाणापर्यंत लांबलचक सरळ पट्टा, मधे एकही थांबा नाही. त्याने पाय सैल सोडले आणि वेग घेतला. डोक्यावर एक टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. टिटवीचं काय, ती कशावरही ओरडते. धुकं तोंडावर येत होतं, हात हँडलवर हलके टेकले होते, आणि क्षणभर त्याला वाटलं की हे असंच चालत राहावं. गुरुवार येऊच नये.

टिंग.

इथे थांबा नव्हता. पण बेल म्हणजे बेल. डोक्याला विचारायच्या आधी हातांनी ब्रेक दाबले. सायकल किंचित घसरली आणि थांबली.

“काय झालं? कोण उतरतंय?” त्याने हसत विचारलं.

ती सायकल लावून पुढे आली आणि त्याच्या चाकाशी वाकली. टिटवी आता कर्कश किंचाळत होती. त्याने मान तिरपी केली, आणि डोळ्याच्या कडेला ते हळूहळू उमटलं. आठवडाभर ते इकडे फिरकले नव्हते; तेवढ्यात खचलेला काठ बुजवायला आणलेल्या खडीचा ढीग वाटेवर पसरला होता. पाणथळीच्या राखणदाराने भोवती चार विटा मांडून त्यांवर लाल चिंध्या बांधल्या होत्या. मधे, खडीच्याच रंगाची, चार अंडी. त्याचं चाक विटेपासून वीतभर अंतरावर होतं.

लाल चिंध्या धुक्यातही पन्नास पावलांवरून कुणालाही दिसल्या असत्या.

“बाई गं,” ती अगदी हळू म्हणाली आणि तिने ढिगाला वळसा घालून त्याची सायकल हँडलला धरून पलीकडे नेली. मग जाऊन स्वतःची आणली. पुन्हा त्याच्या मागे उभी राहिली. जरा उजवीकडे सरकून.

तो सायकलवर बसला. नोकरीभर ही बाई रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली होती. समोर काय आहे ते तिने कधी पाहिलं नाही, कधी “जपून” म्हणाली नाही. तिला गरजच वाटली नव्हती. आणि आज तिने समोरच्या गोष्टीसाठी बेल दिली होती. आजच का? वळणावरच्या त्या सगळ्या बेला? त्याने मनात हिशेब मांडला. डॉक्टरीणबाई हिवाळ्यात. बेल पावसाळ्यात. त्याच्याआधी तिला कळलं होतं.

“बेल दे,” तो म्हणाला.

बेल झाली नाही.

“दे ना गं. उशीर होतोय.”

“थांबा जरा. एक जण यायचाय अजून.”

त्याने कान दिले. पुढे-मागे कुणीही नव्हतं. पण हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. लांबून कुणी धावत येताना दिसला की ती अख्खी बस अडवून धरायची. आतले लोक ओरडायचे, तो घड्याळ बघत चरफडायचा, पण त्या माणसाचा पाय पायरीवर पडेपर्यंत ही डबल बेल देत नसे. “धापा टाकतोय, पण येतोय,” एवढंच म्हणायची.

टिटवी खाली उतरली. दबकत, थबकत अंड्यांवर जाऊन बसली. सगळीकडे एकदम शांत झालं.

“मला मधलं दिसत नाही,” तो म्हणाला.

“हं.”

“कधीपासून, ते नक्की सांगता येणार नाही.”

“मला येईल,” ती म्हणाली, पण तिने सांगितलं नाही.

तो उतरला. पान्यांची पिशवी चाचपून त्याने कार्ड काढलं आणि मागे हात केला. तिने ते डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. मग जुन्या सवयीने कोपऱ्यावर, जिथे तिकिटाला भोक पाडतात तिथे, अंगठ्याचं नख दाबलं.

“गुरुवारी सकाळी आहे,” तो म्हणाला. “बरोबर माणूस आणायला सांगितलंय.”

“किती जण?”

तिने हे अगदी बसमधल्या आवाजात विचारलं. तो तिच्याकडे वळला आणि तिच्या जरा बाजूला, लव्हाळ्यांकडे पाहू लागला. तेव्हा कडेला तिचा चेहरा पुरा आला: पांढरे केस, थंडीने लाल झालेलं नाक आणि भरून आलेले डोळे. किती महिन्यांनी तो तिला बघत होता.

“दोन,” तो म्हणाला.

तिने कार्ड स्वेटरच्या खिशात ठेवलं. तो पुन्हा सायकलवर बसला, एक पाय पायडलवर आणि दुसरा जमिनीवर टेकवून त्याने तोंड पुढे केलं आणि वाट पाहत राहिला.

टिंग टिंग.