बिनसिमेंटची भिंत

घुग्घुसच्या बाया मिरगाच्या आधी दोन कामं उरकतात. लाकूडफाटा आत घेतात आणि घराची भोकं बुजवतात.

सिमेंटच्या कारखान्याचं गाव हे. इथं सदाफुलीच्या पानावरसुद्धा राखाडी साय धरलेली असते. चुलीमागच्या फळीवर तिखट-मिठाच्या डब्यांशेजारी सिमेंटचाही एक डबा असतो. उंदराचं भोक, सापाचं बीळ, चौकटीची फट, मुंग्यांची वाट. चिमूटभर सिमेंट, घोटभर पाणी, बोटानं दाबलं की वर्षभराची निश्चिंती. यात नाल्याकाठच्या ठमाबाईचा हात सगळ्यांत सफाईचा. तिनं बुजवलेलं भोक पुढच्या वर्षी शोधूनही सापडत नसे.

पण एक फट तिच्यानं बुजत नव्हती. मागच्या खोलीच्या भिंतीला खालपासून छपरापर्यंत गेलेली. तिनं दरसाल भरावी, फटीनं दरसाल उघडावं. कारण खोलीमागची जमीन नाल्याकडे सरकत होती. काळी माती ती. उन्हाळ्यात भेगाळायची, पावसात पाणी पिऊन फुगायची आणि झड लागली की काठाचा एखादा लचका नाल्यात टाकून मोकळी व्हायची. सोमाजीनं, म्हणजे ठमाबाईच्या नवऱ्यानं, कोळशाच्या खाणीतली पाळी करून उरलेल्या वेळात हे घर बांधलं होतं. आता सोमाजी नव्हता. घर होतं, त्याच्यामागं दोडक्याचा मांडव होता, आणि मांडवाच्या पुढं दोन पावलांवर काठ.

"आई, चाल चंद्रपूरले," असं विक्की, तिचा मुलगा, दर खेपेला म्हणायचा. तो तिथं वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता, बायको साक्षीला घेऊन राहायचा. "साक्षीही म्हणते, आईले आना. खोली खाली आहे आपली."

"खोलीत का करू? भिंतीकडं पाहू?"

"इथी तरी का करतं? भिंतीकडंच तं पाह्यतं!"

मग ठमाबाईनं भिंतच घालायची ठरवली. खोलीची नव्हे, काठाची.

ती घालायला आली तबस्सुम. सोमाजीबरोबर खाणीत असलेल्या कय्यूमभाईंची ही मुलगी. चंद्रपूरला डिप्लोमा केलेला, ओढणी कमरेला खोचलेली, खांद्यावर पातळी पाहायची पाण्याची पारदर्शक नळी गुंडाळलेली. आल्यावर तिनं काठाकडं पाहिलंच नाही. शिडी मागितली आणि छपरावर चढली.

"अवं, भिंत खाली घालाची आहे!" शेजारची शकुबाई कुंपणावरून ओरडली.

"पाणी वरतून येते ना, मावशी," तबस्सुम वरून म्हणाली. "पयले त्याचा पत्ता घेऊन राह्यली."

मग तिनं बादल्या मागवल्या. छपरावर पाणी ओतलं, अंगणात ओतलं, आणि उकिडवी बसून ते कुठं कुठं जातं ते पाहत राहिली. नवीन सून घरात कुठं कुठं वावरते ते सासू पाहते, तसं. पाणी मांडवाखालून खोलीच्या पायाशी थांबत होतं आणि तिथून मातीत मुरत होतं.

"माती गरीब असते," ती ठमाबाईला म्हणाली. "तिच्या अंगात पाणी भरलं का मंग ते ढकलते. आपुन पाण्याले वाट काढून देऊ. वरच्याले वरून, आतल्याले आतून."

काम वैशाखात सुरू झालं. तबस्सुमचा भाऊ दानिश आणि वस्तीतला सुनिल जोडीला होते. काठ खणून काळी माती बाजूला काढली. ठमाबाईला वाटलं होतं तीच परत भरतील. तबस्सुमनं ती मांडवाच्या आळ्यात टाकायला लावली आणि भरावासाठी मुरूम आणवला. खाली चर खणला, त्यात गिट्टी पसरली आणि धुम्मस घेऊन ती ठोकत बसले. वरून जोरानं उडी मारली तरी गिट्टी हलेना, तेव्हा कुठं ठोकळे आले.

ते ठोकळे पाहायला वस्ती गोळा झाली. पुढून खडबडीत, पाठीमागं निमुळते, आणि मागच्या कडेला खाली एक ओठ. वरचा ठोकळा आपला ओठ खालच्याच्या पाठीला अडकवून बसायचा, त्यामुळं प्रत्येक ओळ खालच्या ओळीपेक्षा बोटभर मागं सरायची. सगळी भिंत मातीकडं किंचित रेलायची.

पहिली ओळ बसवायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. तबस्सुम नळीतलं पाणी दोन्ही टोकांना पाही, सूत ओढी, रबरी हातोडीनं ठोकळ्याला एक टोला देई, परत पाही. केसभर उंच वाटला तरी उचलायला लावी आणि खालची गिट्टी हातानं सारखी करी. असं नटवून नटवून ती ओळ पुरी झाली आणि मग तिनं ती मातीखाली गाडून टाकली.

"झालं!" शकुबाईनं कपाळाला हात लावला. "एवढं नटवलं अन् गाडलं! हे तं नवरीले साज घालून कोठीत कोंडल्यावानी झालं वं, ठमे."

ठमाबाई हसली नाही. ती त्या जागेकडं पाहत होती. तिच्या तोंडात आईकडून आलेली जात्यावरची चाल होती. दळण गिरणीत गेलं तरी चाल तोंडातून गेली नव्हती. ती गुणगुणली:

*पहिली वो ओळ माही, मातीच्या पोटी गेली,*
*वरच्या साऱ्या जणींनी, तिच्यावर मांडी घातली.*

तबस्सुमच्या हातातली हातोडी थांबली. "मावशी, हेच तं आमच्या सरांनी सहा महिने शिकवलं होतं!"

मग ओळीवर ओळ चढू लागली. खालच्या दोघांच्या सांध्यावर वरच्याचं पोट. भिंतीच्या पाठीशी गिट्टीचा पट्टा, गिट्टीच्या तळाशी भोकाभोकांचा पाइप, त्याचं तोंड भिंतीच्या खालच्या टोकाला बाहेर काढलेलं. दर दोन ओळींनंतर काळी प्लास्टिकची जाळी ठोकळ्यांवरून मागं मुरमात लांब अंथरायची, तिच्यावर मुरूम, मुरमावर धुम्मस. भिंतीनं मागच्या जमिनीला हातात हात घालून धरावं तसं. छपराचं पाणी पन्हाळीनं बाजूला काढलं. आणि या सगळ्यात सिमेंटचं एक घमेलंही कालवलं गेलं नाही.

हे मात्र घुग्घुसला पचलं नाही. "सिमेंटच्या गावात बिनसिमेंटची भिंत!" शकुबाई आल्यागेल्याला दाखवायची. "पोरं खेळण्याचे ठोकळे रचतेत तशी. बैल अंग घासून गेला तं संपलं."

विक्की आला तेव्हा त्यालाही शंकाच आली. छातीइतक्या उंच भिंतीवर त्यानं हात फिरवला, सांध्यात बोटाचं नख घालून पाहिलं. मग घरात जाऊन त्यानं जुन्या कॅलेंडरची एक पट्टी फाडली, कणकेची खळ केली आणि मागच्या खोलीतल्या फटीवर ती पट्टी आडवी चिकटवली.

"हे पाय, आई. पोळ्याले येतो मी. हा कागद शाबूत असला तं तू इथीच राय, मी पुन्हा नाव काढणार नाई. फाटला तं थैला भरून ठेवशील. कबूल?"

"कबूल," ठमाबाई म्हणाली.

मिरग जवळ आला. ठमाबाईनं लाकडं आत घेतली. डबा उतरवला, सिमेंट कालवलं आणि नेहमीसारखी घराला फेरी घातली. चौकट झाली, चुलीमागचं भोक झालं, न्हाणीचा कोपरा झाला. फिरत फिरत ती भिंतीच्या खालच्या टोकाला आली, तेव्हा एक लांबलचक धामण पाइपच्या तोंडाशी डोकं खालीवर करत होती. ठमाबाईनं काठी आपटली. धामण नाल्यात उतरली. आणि चाळीस वर्षं जो हात भोक दिसलं की बुजवत आला होता, त्यानं हेही बुजवलं. आधी गोणपाटाचा बोळा, वरून सिमेंट, वरून सफाईनं फिरवलेलं बोट. तिच्या मनात शंका आलीही नाही. एवढ्या फटींची भिंत. पाणी कुठूनही जाईल.

आषाढ साधा गेला. मुरूम तहानलेला होता, पाणी पीत राहिला. श्रावणात झड लागली.

दिवस उगवतो कधी, मावळतो कधी, कळेना. नाला तांबडा होऊन काठ चाटू लागला. ठमाबाई घडोघडी मागच्या खोलीत जाई आणि पट्टीकडं पाही. पट्टी ओलसर झाली होती. आषाढातली तारीख फटीच्या बरोबर वर आली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती मांडवाखालून भिंतीच्या टोकाशी गेली आणि तिला भिंत वेगळी दिसली. मधल्या ओळींना पोट आलं होतं. दोन-तीन ठोकळे बोटभर पुढं झुकले होते आणि त्यांच्या सांध्यांतून गढूळ पाणी पाझरत होतं.

ती घरात आली. थैला काढला, लुगडी घातली, घोंगडी घातली. सोमाजीचा खाणीतला डोक्याचा पिवळा टोप हातात घेऊन उभी राहिली. तो थैल्यात मावेना. मग तिनं फोन उचलला.

"मावशी, पाइपातून पाणी येऊन राह्यलं का?" तबस्सुमनं पहिलं हेच विचारलं.

"कोनता पाइप?"

"खालच्या टोकाचा वो. तोंड आहे ना त्याचं."

"अवं माय," ठमाबाई म्हणाली. "ते तं म्या बुजवलं."

मग तबस्सुम म्हणाली, "निघाली मी. तुमी सब्बल काढा. पन भिंतीसमोर उभं नाई राहाचं, टोकाकडून या."

तबस्सुम दानिशच्या मोटारसायकलवर चिंब होऊन आली, तेव्हा ठमाबाई भिंतीच्या टोकाशी बाजूनं बसून सब्बल, म्हणजे पहार, घालत होती. स्वतःचंच काम ते, इतकं सफाईचं की टवका निघेना. "चांगलं काम करते म्हणून मले सारे नावाजते," ती दातओठ खात म्हणाली, "मरो ते नाव!"

दानिशनं सब्बल घेतली. सिमेंट फुटलं, बोळा बाहेर आला, आणि त्यामागून पाणी असं उसळलं की दानिश मागं बसला. मनगटाएवढी तांबडी धार नाल्यात पडू लागली. हळूहळू सांध्यांतला पाझर कमी झाला. भिंतीचं पोट मात्र तसंच राहिलं. पण पुढं सरलं नाही.

"चूक माहीही आहे," तबस्सुम ओढणी पिळत म्हणाली. "पाइपाच्या तोंडाले जाळी लावाची होती. आनते आनते म्हनून राहून गेली. जाळी असती तं धामण नसती आली, अन् तुमीही डबा नसता काढला."

"कागद?" मग तिनं विचारलं; त्या पैजेचं ठमाबाईनंच तिला सांगितलं होतं.

ठमाबाई आत जाऊन पाहून आली. "हाये अजून," एवढंच म्हणाली. थैला तिनं दाराशीच राहू दिला.

ऊन पडल्यावर तबस्सुम सुनिल आणि दानिशला घेऊन पुन्हा आली. विक्की आला तो पोळ्याच्या आदल्या दिवशी, आणि त्यानं पाहिलं ते असं: दाराशी भरलेला थैला, अंगणात रचलेले ठोकळे, आणि भिंतीच्या मधोमध खिंडार.

"पडली," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

"पडली नाई, उतरवली," तबस्सुम खिंडारातून म्हणाली. तिथली गाळानं भरलेली गिट्टी ती काढत होती. "पोट आलं होतं, ते सारखं करून राह्यलो. वरच्याच ओळी. खालच्या जागच्या हालल्या नाई."

"अन् पोट काऊन आलं?"

तबस्सुम खाली वाकून गिट्टी उपसू लागली. ती सांगणार नाही हे ठमाबाईला दिसलं.

"म्या आणलं," ठमाबाई म्हणाली. "पाइपाचं तोंड सिमेंटनं बुजवलं म्या. सापाच्या भेवानं."

विक्कीच्या ओठांचा कोपरा हलू लागला. "हिनं ना," तो तबस्सुमला म्हणाला, "माह्या मातीच्या गल्ल्याचं भोकही बुजवलं होतं. झुरळ जाते म्हने!"

कुंपणावर शकुबाई खिदळली. पण विक्की हसता हसता थांबला आणि सरळ मागच्या खोलीत गेला. ठमाबाई त्याच्यामागं गेली नाही. ती दारातच उभी राहिली, थैल्याच्या बंदाला धरून.

आत तो बराच वेळ होता. कागदावर पावसाळी ओलीच्या सुरकुत्या होत्या, एक कोपरा सुटून गुंडाळला होता. त्यानं सुटलेला कोपरा अंगठ्यानं परत दाबला. फटीवरून बोट फिरवलं. आषाढातली तारीख आडवी, अखंड होती.

बाहेर येऊन त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि एक ठोकळा उचलला. "हा कसा बसवाचा?"

"ओठ मागं. आता पुढं ओढा. अजून. लागला?"

ठोकळा खालच्याच्या पाठीला टेकला तेव्हा खट् असा बारीक आवाज झाला. विक्कीनं तो हलवून पाहिला. मग मागून खांदा लावून जोरात लोटला. ठोकळा हलला नाही. त्यानं दुसरा उचलला.

"सिमेंटची असती तं फोडा लागली असती," तो स्वतःशीच म्हणाला. "हे तं बिमार माणसावानी, उठवलं, हातपाय धुतले, परत बसवलं."

ठमाबाईच्या तोंडात चाल कधी आली ते तिलाही कळलं नाही:

*भिंतीच्या पाठीमागं, पाणी अडून राह्यलं,*
*दार उघडलं तवा, लेकरावानी धावलं.*

उन्हं कलायच्या आत भिंत पुरी झाली. पाइपाच्या तोंडावर तबस्सुमनं लोखंडी जाळी बसवली. ठमाबाईनं थैला ओसरीत उलटा केला, लुगडी-घोंगडी पेटीत परत घातली आणि रिकाम्या थैल्यात मांडवावरची दोडकी भरली, साक्षीसाठी. काळ्या मातीची दोडकी, हातभर लांब.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विक्की निघाला तेव्हा त्यानं थैला उचलून पाहिला आणि परत खाली ठेवला. चुलीमागं जाऊन सिमेंटचा डबा आणला आणि दोडक्यांवर नीट बसवला.

"हा कुठी नेतं रे?"

"चंद्रपूरले. आईले नाई नेलं तं का झालं, कोनी तं पाह्यजे खोलीत राहाले," तो म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारली.