ध्रुवपदाचे सहा सेकंद

भांडी विसळताना ओइरिकमावशी एका जुन्या गाण्याच्या बावीस ओळी म्हणत असे. ध्वनिमुद्रण यंत्रासमोर ती तीन वेळा बसली आणि तिन्ही वेळा पाचव्या ओळीनंतर थांबली.

घट्ट व्हावे म्हणून लोकरीचे ओले कापड फळीवर आपटताना बायका जी गाणी म्हणत, त्यांपैकी हे होते. दक्षिण उइस्ट बेटावर ते पूर्ण येणारी आता ती एकटीच. बेटाची जुनी भाषा गेलिक; तिच्या स्थानिक मंडळासाठी हे मुद्रण करणारा चिटणीस लाखलन हा रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक. शाळेत गेलिक बोलल्याबद्दल मार खाल्ल्यावर तो लहानपणी मावशीच्या याच स्वयंपाकघरात येऊन पोटभर गेलिक बोलत असे. ते ऋण तो विसरला नव्हता.

तिसऱ्या खेपेनंतर मावशीने लोणी लावलेली ओटची भाकरी त्याच्यापुढे सरकवली.

"चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, ते तुमच्या मंडळानं विचारलं. उपकारच आहेत रे. पण डोकं रिकामं झालंय माझं. ग्लासगोच्या लेकीला कळवते, येते म्हणून. हे घर बंद करते."

"पुरावा नसताना निष्कर्ष काढायचा नाही, मावशी."

"आला मोठा मास्तर. चौऱ्याऐंशी वर्षं हा पुरावा नव्हे होय?"

थकवा असेल म्हणून त्याने सकाळची वेळ घेतली. गाणे पाचव्या ओळीवरच अडले. यंत्राचा धसका असेल म्हणून ते कापडाखाली झाकले, फरक नाही. स्मृती तपासायला त्याने तिला सात पिढ्या विचारल्या. तिने नऊ सांगितल्या, आणि कोणाचा पाय वाकडा होता तेही. राहता राहिली शेजारीण सीनाक, जी रोज चहाला येई आणि मुद्रणाच्या वेळी कोपऱ्यात ओठ मिटून बसे.

"सीनाक, ही भांडी विसळते तेव्हा तू कुठे असतेस?"

"इथेच. पुसायला."

"गप्प?"

"मी आणि गप्प? ध्रुवपद मीच म्हणते की. तुमच्या त्या नियमापायी आता तोंड शिवून बसते; जीव जातो माझा."

नियम दारावर लावलेला होता: 'मुद्रण चालू असता इतरांनी पूर्ण शांतता पाळावी.' अक्षर लाखलनचेच होते.

त्याने सीनाकला मावशीशेजारी बसवले. गाण्याच्या बावीस ओळी झाल्या, आणि वर तेविसावी आली, जी सीनाकनेही कधी ऐकली नव्हती. मग त्याने सीनाकला गप्प बसवून पुन्हा एकदा म्हणायला लावले. पाचव्या ओळीनंतर मावशी थांबली.

"माझी परीक्षा घेतोस?"

"तुझी नाही. माझ्या नियमाची. तो नापास झाला, तू पास."

मावशीने चहाचे आधण ठेवले. "लेकीला सांगेन, उन्हाळ्यात तूच ये म्हणून," ती म्हणाली. "आणि तुझे आभार, लाखलन."

"आभार मी मानायचे," तो म्हणाला, आणि दारावरचा कागद काढून खिशात घातला.

संध्याकाळी मंडळाच्या वहीत त्याने लिहिले: 'ही गाणी एकटीची नव्हेत. एकजण ओळ म्हणते, बाकीच्या ध्रुवपदाने उत्तर देतात. त्याला सहा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात गाणारीला पुढची ओळ आठवते. पहिल्या पाच ओळी ती मनात जुळवूनच बसते. पुढच्या त्या सहा सेकंदांत येतात. मावशीची स्मृती शाबूत आहे. सहा सेकंद आम्ही काढून घेतले होते.'