गोळ्या बंद असल्याचं पत्र

मंगळवारी सकाळी मी माझा डबा भरत होतो, तेव्हा पोलिसांचा फोन आला. माझी बायको हेमांगी कामाला म्हणून निघाली, त्याला दोन तासही झाले नव्हते. तिने जीव दिला होता. आमची मुलगी उर्वी क्लासला गेलेली. तिला ते कसं सांगितलं, ते मी लिहिणार नाही.

हेमांगी मानपाड्याला एका रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये होती. बारा वर्षं. त्यातली सहा वर्षं ती मनाच्या आजारावर गोळ्या घेत होती, आणि त्या सहा वर्षांत तिचा एक रिपोर्ट चुकला नाही. यंदा कंपनीच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये 'नियमित औषधे' असा रकाना आला. तिने खरं लिहिलं.

एचआरचा सलिल म्हणाला, "मॅडम, केमिकलचं काम आहे. गोळ्या बंद झाल्याचं डॉक्टरांचं लेटर आणा, मग लॅबमध्ये या. तोवर गेटवर बसून येणाऱ्यांचे पास लिहा."

गेटवर लोक विचारायचे, "काय मॅडम, शॉक-बिक देतात का हो?"

तिच्या डॉक्टरांनी पत्र द्यायला साफ नकार दिला. एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल, असं बजावलं. ती मला म्हणाली, "अरे, चष्मेवाल्याला कोणी चष्मा काढून कामावर ये म्हणतं का?"

मी म्हणालो, "पत्र देऊन टाकू गं. लोकांना बोलायला जागा कशाला?"

नाक्यावरच्या डॉक्टरने तिला कधी तपासलंही नव्हतं. त्याच्याकडून मी पत्र आणलं आणि स्वतः सलिलच्या हातात दिलं. वाटलं, पत्र फाइलला लागेल आणि ही गुपचूप गोळ्या घेत राहील. पण खोट्या कागदावर काम करणं तिला जमलं नाही. तिने गोळ्या खरंच बंद केल्या. बाविसाव्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर कंपनीत शोकसभा झाली. सलिल बोलला, "मॅडम कायम हसतमुख. एकदा तरी आमच्याशी बोलायला हवं होतं."

मी उठलो. "बोलली होती. फॉर्मवर लिहून दिलं होतं. तुम्ही तिला गेटवर बसवलंत."

"काका, ही वेळ नाही."

"मी तुझा काका नाही. तुझी खुर्ची गेलेली बघितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही."

तो जवळ आला आणि हळू म्हणाला, "मग लेटर कोणी आणलं, तेही सांगा ना सगळ्यांना."

मी खाली बसलो.

निघताना तिच्या लॅबमधली दर्शना मागून आली. "दादा, माझ्यापण गोळ्या चालू आहेत. मी फॉर्मवर 'काही नाही' लिहिलं. कुणाला बोलू नका हां."

तक्रार लिहून तयार आहे. सलिलला मी सोडणार नाही. पत्र देणाऱ्या त्या डॉक्टरलाही नाही. वकील म्हणतात, पत्र कोणी आणलं ते लिहिल्याशिवाय तक्रार उभी राहणार नाही.

ती ओळ मी अजून लिहिलेली नाही. उर्वीलाही सांगितलेलं नाही. कंपनीत गोळ्यांच्या पत्राचा नियम चालू आहे.